हलणारा दात, सहा आकडे आणि इंदूरमधील एक हिरड्यांचा दवाखाना

दात हलतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या हिरडीत डॉक्टरांनी मोजपट्टी घातली नाही, तर त्याने खुर्चीवरून उठून सरळ घरी यावे, असे माझे मत गेल्या दहा महिन्यांत झाले आहे. हे मत होण्यासाठी मला दोन दवाखाने आणि वीस हजारांच्या आसपास रुपये लागले. पहिल्या दवाखान्याने मोजले नाही, दुसऱ्याने मोजले. हा अभिप्राय मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे. तो पलासिया भागात असून केवळ हिरड्यांचे काम करणाऱ्या, एम.डी.एस. (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) झालेल्या डॉक्टर तो चालवतात. नाव लिहीत नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही येणार आहेत आणि एका रुग्णाच्या अनुभवावरून कोणाच्या पाटीला डाग लागावा हे मला बरे वाटत नाही. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे आकड्यांकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते, हेही वाचणाऱ्यांनी हिशेबात धरावे.

सुरुवात सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात झाली. डिसेंबरच्या थंडीत पाहुण्यांना घेऊन रात्री अकरा वाजता तिथे गेलो होतो आणि गराडू ह्या कंदाचा कडक तळलेला तुकडा समोरच्या दातांनी तोडताना खालचे मधले दोन दात आत ढकलले गेल्यासारखे वाटले. दुखले असे काही नाही. घरी आल्यावर जिभेने ढकलून पाहिले, तर उजवीकडचा दात खरोखरच हलत होता. तसे पाहिले तर वर्षभर ब्रश करताना थुंकीत रक्त दिसत होते, सकाळी तोंडाला वास येत होता आणि पोह्यांवरची शेव दातांच्या फटीत अडकून बसत होती. पण रक्त आले की टूथपेस्ट बदलायची, एवढाच उपाय मला ठाऊक होता. आठवड्याभरात राजेंद्रनगरातील आमच्या घरापासून जवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे पंधरा-वीस मिनिटांत बाराशे रुपयांची सफाई झाली, एक क्ष-किरण चित्र निघाले आणि पुढचे चारही दात काढून त्या जागी इम्प्लांट बसवावेत, असा सल्ला एका छापील दरपत्रकासह हातात पडला. दात किती हलतो, का हलतो, हाड किती उरले आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

त्यातच सफाईनंतर दात आधीपेक्षा जास्त हलू लागले. शेजारच्या वहिनींनी लगेच निदान केले, की सफाई केली की दात सुटतातच, त्यांच्या आईचेही तसेच झाले होते. हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे, की त्याच्या भीतीने कित्येक जण वीस-वीस वर्षे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि मीही महिनाभर त्याच समजाने घरी बसले. पलासियाच्या डॉक्टरांनी त्याचे जे उत्तर दिले ते मला पटले. दातांवर रोज साचणारा मऊ, चिकट थर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट शोषून काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे खालच्या पुढच्या दातांच्या मागेच उघडतात, म्हणून त्या दातांच्या आतल्या बाजूस ते सर्वांत जास्त साचते. माझ्या खालच्या सहा दातांमागे त्याची एक सलग भिंत झाली होती. हाड खाली गेलेले दात त्या भिंतीने एकमेकांना चिकटवून धरलेले होते. भिंत काढली आणि ते मुळात किती ढिले होते हे उघडे झाले. ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे काढल्यावर आतल्या विटा दिसाव्यात, तसाच हा प्रकार. दात सैल करण्याचे काम त्या किटणाने आणि त्याच्याखालच्या जंतूंनी आधीच केलेले होते.

आता दुसऱ्या दवाखान्याकडे वळते. फेब्रुवारीतील पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पहिली पंधरा मिनिटे तोंड उघडायलाच सांगितले नाही. मधुमेह किती वर्षांपासून, शेवटचा एचबीए१सी (रक्तातील साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) किती, रक्तदाबाची गोळी कोणती, हाडे ठिसूळ झाल्याचे कोणी सांगितले आहे का, त्यासाठी इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू आहे का, घरात आई-वडिलांचे दात लवकर गेले का, रात्री दात खाण्याची सवय आहे का, तंबाखू कोणत्याही रूपात घेता का, असे प्रश्न एकामागून एक आले. हाडांच्या औषधांचा प्रश्न मला विचित्र वाटला, पण त्यांतील काही औषधे घेणाऱ्यांचा दात काढल्यानंतर जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो, आणि रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनसारख्या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, असे त्यांनी सांगितले. माझा एचबीए१सी ८.१ होता. ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “काकू, तुमच्या दातांचे निम्मे उत्तर ह्या आकड्यात आहे.”

मग मोजणी झाली, आणि ती मी जन्मभर विसरणार नाही. टोकाला बोथट असलेली, मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली एक बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. डॉक्टर ती दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सोडतात आणि दाताच्या कडेने चालवत नेतात; बाहेरून तीन जागी आणि आतून तीन जागी, असे प्रत्येक दाताचे सहा आकडे घेतात. माझे दात सत्तावीस, म्हणजे एकशे बासष्ट आकडे. डॉक्टर बोलत होत्या आणि मदतनीस मुलगी तक्त्यावर लिहीत होती: “तीन, दोन, तीन, तीन, दोन, चार, चार, तीन, पाच, रक्त.” तोंड उघडे ठेवून मी आपली मनातल्या मनात सरासरी काढत होते. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते; चार आणि त्यापुढचा आकडा आला की तिथे खिसा तयार झाला असे समजतात, आणि त्या खिशात ब्रश पोहोचत नाही. दाढांपाशी चार-पाच येत होते. खालच्या पुढच्या दातांपाशी मात्र गंमत अशी, की आकडा फक्त चार आला आणि मला हायसे वाटले. डॉक्टरांनी लगेच आरसा हातात दिला. हिरडी तिथे आधीच दोन मिलिमीटर खाली सरकलेली होती. खिसा कितीही उथळ दिसला तरी तो कुठून मोजला हे पाहावे लागते: दोन अधिक चार, म्हणजे दाताने हाडाशी असलेली सहा मिलिमीटरची पकड गमावलेली होती. खालच्या मधल्या दाताचे मूळ सरासरीने साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असते. जवळजवळ निम्मे मूळ हवेत होते. इतका सरळ हिशेब मला तोवर कोणीच मांडून दाखवला नव्हता.

हलण्याचेही माप असते. डॉक्टरांनी दोन उपकरणांच्या दांड्यांमध्ये दात धरून पुढे-मागे हलवून पाहिला. आडवे हलणे एक मिलिमीटरपर्यंत असेल तर पहिली पायरी, त्याहून जास्त असेल तर दुसरी, आणि दात खड्ड्यात खाली दाबला जात असेल तर तिसरी. माझा उजवा दात पहिल्या पायरीच्या अगदी काठावर होता. पूर्णपणे निरोगी दातही किंचित हलतो, कारण तो हाडात सिमेंटने बसवलेला नसून बारीक तंतूंच्या एका पातळ गादीवर टांगलेला असतो. चावताना बसणारा दाब तीच गादी झेलते. हिरडी, हे तंतू, मुळावरचा थर आणि भोवतालचे हाड असे चौघे मिळून दात धरतात. म्हणून दात हलायला लागला तर दाताकडे पाहत बसून उपयोग नाही. मी मात्र वर्षभर आरशात दातच न्याहाळत होते, त्यांना कीड नाही म्हणून खूश होत होते.

आजाराचे नाव पेरिओडॉन्टायटिस. आपल्या आजीच्या पिढीला तो पायोरिया म्हणून माहीत होता. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या वर्गीकरणानुसार माझ्या कागदावर तिसरा टप्पा आणि ‘सी’ श्रेणी असे लिहिले गेले. टप्पा किती नुकसान झाले ते सांगतो आणि श्रेणी ते किती वेगाने वाढण्याची शक्यता आहे ते सांगते. माझ्या बाबतीत मधुमेहाने श्रेणी वर ढकलली, कारण एचबीए१सी सात किंवा त्याहून जास्त असेल तर ती ‘सी’ धरतात. केवळ हिरडी सुजून रक्त येणे ही पहिली अवस्था असते आणि ती नीट सफाईने पूर्ण परतवता येते. पण सूज आत उतरून हाड झिजू लागले की गेलेले हाड बहुतेक वेळा परत मिळत नाही, फक्त पुढची झीज थांबवता येते. जंतू हाड खात नाहीत, हेही मला नव्याने कळले. जंतूंना हुसकावण्यासाठी शरीर जी सूज आणते, तिच्याच ओघात आपले हाड विरघळत जाते. मधुमेहात ही सूज जास्त पेटते आणि जखम उशिरा भरते, आणि उलट हिरड्यांतली सूज साखर वाढवते, असा दोन्हीकडून व्याज लावणारा हा सावकार आहे.

तंबाखूविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते मी घरी आल्यावर सर्वांत आधी माझ्या धाकट्या दिरांना ऐकवले. ते रोज आठ-दहा सिगारेटी ओढतात आणि आपल्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही, असे अभिमानाने सांगतात. निकोटिनने हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतला आजार रक्ताच्या रूपाने दिसतच नाही आणि दात हलायला लागेपर्यंत माणूस बेफिकीर राहतो. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत मिश्री लावत. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून, बोटाने हिरड्यांवर चोळायची. त्याने दात मजबूत होतात यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि साठीच्या आतच त्यांना कवळी लागली. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्येच बंदी आली आणि मध्य प्रदेशात २०१२ मध्ये गुटखाही बंद झाला, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

ह्या दवाखान्याचे खरे कौशल्य मला वाटते ते पुढच्या गोष्टीत दिसले. माझ्या वरच्या डाव्या सुळ्याची आणि त्याच्या शेजारच्या उपदाढेची हिरडी तीन मिलिमीटर वर सरकली होती, पिवळसर मूळ उघडे पडले होते आणि थंड शिकंजीचा घोट घेतला की तिथे अशी शिवशिव व्हायची की डोळ्यांत पाणी यायचे. मी गृहीत धरले होते की खालीही तोच आजार आणि वरही तोच. पहिल्या दवाखान्यातही ‘हिरड्या उतरल्या आहेत’ एवढ्या एका वाक्यात दोन्ही गुंडाळले गेले होते. इथे प्रोब लावल्यावर सुळ्यापाशी खिसा निघाला अवघा एक मिलिमीटर, रक्त अजिबात नाही, किटणाचा कणही नाही आणि दात जराही हलत नाही. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, “काकू, पुढच्या वेळी येताना तुमचा ब्रश घेऊन या. आणि तुम्ही उजव्या हाताने घासता, हो ना?”

ब्रश नेला. मोडलेल्या केरसुणीसारखे त्याचे तंतू दोन्हीकडे फिसकटलेले होते आणि वर ‘हार्ड’ असे लिहिलेले होते, कारण कडक ब्रशाने दात जास्त स्वच्छ निघतात, असे मी आयुष्यभर मानत आले. त्यांनी मला खुर्चीतच, पाण्याशिवाय, रोजच्यासारखे घासून दाखवायला सांगितले. मी घासले. कोपरापासून हात आडवा चालत होता, जळलेली कढई घासावी तसा. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर डाव्या सुळ्यावर आणि उपदाढांवर येतो, कारण दातांची रांग नेमकी तिथे वळते आणि तिथली हिरडी, तिच्याखालचे हाड, दोन्ही पातळ असतात. त्या उघड्या मुळावर नखाने चाचपले तर एक खाच लागत होती. ती कीड नसून घासून पडलेली खाच होती. म्हणजे एकाच तोंडात दोन उलट अपराध चालू होते: खालच्या दातांच्या आतल्या बाजूला माझा ब्रश पोहोचतच नव्हता, आणि वरच्या सुळ्यावर तो गरजेपेक्षा चौपट चालत होता. आधीच पातळ असलेली हिरडी, रांगेबाहेर आलेला दात, ओठाच्या आतल्या पडद्याची ओढ, तारा लावून दात हाडाबाहेर सरकवले जाणे, अशीही हिरडी सरकण्याची कारणे असतात, आणि वय हे त्यांतले एक कारण नव्हे, असे त्यांनी ठासून सांगितले. वय वाढते तशी चुकीच्या सवयीची वर्षे वाढतात, इतकेच. मऊ तंतूंचा ब्रश, तो हिरडीच्या कडेवर पंचेचाळीस अंशांत तिरका धरणे आणि जागच्या जागी थरथरवणे, ही पद्धत त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतली. पंचेचाळीस अंश म्हटल्यावर मला काही अडचण नव्हती.

उपचाराचा भाग थोडक्यात सांगते. तोंडाचे चार भाग करून, दर आठवड्याला एक, अशी चार सत्रांत खोल सफाई झाली. हिरडीला सुई देऊन बधिर करतात, मग खिशाच्या तळापर्यंत जाऊन मुळाला चिकटलेले किटण आधी कंपन करणाऱ्या यंत्राने आणि नंतर हाताच्या बारीक वाकड्या हत्याराने खरवडून काढतात. दुखत नाही, पण हाडातून ऐकू येणारा तो खर्रखर्र आवाज मात्र अंगावर काटा आणतो. दुसऱ्या सत्रात डॉक्टरांनी स्टीलच्या ताटलीत पडलेला एक तुकडा दाखवला. डाळीच्या दाण्याएवढा, वरून नव्हे तर हिरडीच्या खालून निघालेला, काळपट हिरवा आणि इतका कडक की ताटलीवर टण्‌कन वाजला. पहिल्या दवाखान्यातील पंधरा मिनिटांत केवळ वरचे पिवळे किटण निघाले होते. खालचे तसेच होते. इंदूरकरांना समजेल अशी डॉक्टरांची एक उपमा मला आवडली: गाडी रोज सकाळी येऊन कचरा उचलते म्हणून आपले शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षे स्वच्छतेत पहिले आले, महिन्यातून एकदा मोठी मोहीम काढल्याने नव्हे. घरी वापरायला क्लोरहेक्सिडिन ह्या जंतुनाशकाची चूळ दोन आठवड्यांसाठी दिली होती. ती टूथपेस्टनंतर लगेच वापरायची नाही, मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यायचा, आणि चहा घेणाऱ्यांच्या दातांवर तिचे तपकिरी डाग पडतात. ही सूचना मिळाली होती, तरी चहा सुटला नाही आणि डाग पडले.

आता माझी मुख्य तक्रार. शेवटच्या सत्रानंतर तीन आठवड्यांनी आरशात पाहिले तर खालचे दात आधीपेक्षा लांब दिसत होते आणि त्यांच्यामध्ये काळ्या त्रिकोणी फटी पडल्या होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही. दहा हजार रुपये देऊन मी आपल्या हिरड्या आणखी उतरवून घेतल्या, असेच वाटत राहिले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर स्वागतकक्षातील मुलगी म्हणाली, “आंटी, ऐसा होता है, अगली बार मैडम को दिखा देना।” अगली बार म्हणजे आणखी महिन्याने. वस्तुस्थिती अशी, की सुजलेली हिरडी फुगून वर आलेली असते. सूज उतरली की ती आपल्या खऱ्या जागी बसते आणि मूळ जास्त उघडे दिसते. हे बरे होण्याचे लक्षण आहे. पण ही गोष्ट उपचाराच्या आधी, चित्र काढून, रुग्णाच्या डोक्यात पक्की बसवायला हवी होती. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार त्यांनी ती पहिल्या दिवशी सांगितली होती. सांगितली असेलही, ज्या दिवशी माणसाला निम्मे हाड गेल्याचे कळते, त्या दिवशी त्याच्या कानांत दुसरे काय शिरणार? एवढे मोजून बोलणाऱ्या दवाखान्याने ह्या एका बाबतीत तोंडी सूचनेवर विसंबून राहावे, हे मला खटकले.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत, पण आहेत. संमतिपत्र आणि घरी घ्यायच्या काळजीचा कागद, दोन्ही फक्त इंग्रजीत आहेत. माझ्यासोबत खुर्चीवर वाट पाहणाऱ्या एका आजींनी तो माझ्याकडून वाचून घेतला. संध्याकाळची वेळ घेतली तर पाऊण तास सहज उशीर होतो. खर्चाचा अंदाज तोंडी मिळतो आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो. माझा हिशेब असा झाला: तपासणी ५००, संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र ७००, खोल सफाईचे चार भाग प्रत्येकी २,५०० प्रमाणे १०,०००, खालच्या सहा दातांना आतून बारीक तंतूची पट्टी चिकटवून एकमेकांशी बांधण्याचे ५,०००, आणि दर तीन महिन्यांच्या देखभालीचे १,२०० प्रमाणे आतापर्यंत दोनदा २,४००, एकूण १८,६०० रुपये. त्यांतील पट्टीचे पाच हजार मला एप्रिलमध्ये कळले, फेब्रुवारीत नव्हे. पट्टीविषयी माझे मत चांगले आहे, कारण तिने चावण्याचा भार सहा दातांत वाटला जातो. मात्र तिच्याखालून अन्न काढण्यासाठी छोटा फटींचा ब्रश रोज रात्री वापरावा लागतो आणि त्यात पाच मिनिटे जातात. पट्टी लावण्याआधी निळ्या कागदावर चाव पाहून एका जुन्या उंच भरणीला घासून सपाट केले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवते.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी शहरात १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. माझा स्वतःचा अनुभव तिथला नसल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही. पलासियाचा दवाखाना मी त्यांना सुचवीन ज्यांच्या दातांतून रक्त येते, फटी वाढत आहेत किंवा एखादा दात हलतो आहे, पण ज्यांना कोणी अजून नीट मोजलेले नाही. अपघाताने मार बसून हललेला दात, गर्भारपणातील तात्पुरती सूज किंवा मुळाशी गळू होऊन एकच दात उचलल्यासारखा वाटणे, ह्यांची कारणे आणि घाई दोन्ही वेगळी असतात. मार बसला असेल किंवा गळू असेल तर जवळच्या कोणत्याही दंतवैद्याकडे त्याच दिवशी जावे. मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी, सकाळी अकराची पहिली वेळ मागावी आणि एकूण खर्च कागदावर लिहून घ्यावा. मी तो लिहून घेतला नाही.

सात आठवड्यांनी दुसरी मोजणी झाली. एकशे बासष्ट आकड्यांपैकी पहिल्या खेपेला अडतीस ठिकाणी चार किंवा जास्त निघाले होते, दुसऱ्या खेपेला नऊ ठिकाणी. खालच्या उजव्या दाताचा खिसा चारवरून दोनवर आला आणि उघडे मूळ दोनवरून तीनवर गेले. दोन अधिक चार सहा होते, ते आता तीन अधिक दोन पाच झाले. आरशात जे बिघडलेले दिसत होते ते कागदावर एका मिलिमीटरने सुधारले होते. दाढांपाशी पाच मिलिमीटरचे दोन खिसे अजून आहेत आणि ते तसेच राहिले तर हिरडी उघडून सफाईची छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे, या वेळी लेखी. साखर ८.१ वरून ७.४ वर आली, पण त्याच काळात माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे समीकरण मी सोडवायला घेतलेले नाही.

वरच्या सुळ्यावर टाळूची त्वचा घेऊन कलम करता येते, त्याचे दरपत्रकही माझ्याकडे आहे. ब्रश बदलल्यापासून शिवशिव बरीच कमी झाली आहे आणि हसताना तो दात दिसत नाही, म्हणून मी तूर्त नको म्हटले. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. फक्त दर तीन महिन्यांनी ते उघडे मूळ मोजून तक्त्यावर लिहितात. ऑक्टोबरच्या खेपेलाही तिथे तीनच लिहिले आहे.